हाताची ऊब

तळपदे साहेबांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि लोधिवलीचं खळं गप्प झालं. डिझेल इंजिन तेवढं धडधडत राहिलं. त्याच्या पट्ट्यावर मळणीयंत्राचा दातेरी ड्रम फिरत होता. एवढा भरभर, की दाते दिसतच नव्हते. दिसत होती ती नुसती करडी, धूसर झाक.

"हे यंत्र आंधळं नाही," साहेब कर्ण्यातून म्हणाले. "ह्याला भात कळतं, पेंढा कळतो. माणसाच्या हाताची ऊबसुद्धा कळते. हात जवळ आला, की हे आपलं आपण थांबतं."

"येवढं शानं हाय?" गौराबाई पुढूनच ओरडली. "मंग माज्या घरवाल्यापरीस बरं की वो!"

खळं हसलं. हसू ओसरेपर्यंत साहेब थांबले. कुठं बोलावं आणि कुठं थांबावं, हे त्यांना फार नेमकं कळायचं. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीनं त्यांना त्यासाठीच पाठवलं होतं.

सकाळीच बायकांनी यंत्राच्या तोंडाला हळदकुंकू लावलं होतं. नवं अवजार खळ्यात आलं की लावायचंच. गौराबाईनं उभ्या उभ्या ओवीही जुळवली होती:

लोखंडाच्या बाई, तुला पेंढ्यांचा गं घास
धन्याच्या हाताचा नको धरू ध्यास

ती ओवी इंजिनाशेजारच्या ताडपत्रीमागे बसलेल्या सखाला ऐकू आली होती.

सखा इंजिन सांभाळायचा. लोकांना तेवढंच ठाऊक होतं. ताडपत्रीला बोटभर फट होती आणि सखाच्या गुडघ्याशी एक दांडा होता. साहेब तीन आकडे मोजत. 'दोन' झालं की सखानं दांडा ओढायचा. पट्टा निसटायचा, ड्रमाला ब्रेक लागायचा, आणि 'तीन'ला साहेबांचा हात थांबलेल्या दात्यांवर अलगद टेकायचा. खोपोलीच्या वर्कशॉपात वाल्मिक मिस्त्रीनं त्याला हे शिकवलं होतं. शिकवून झाल्यावर म्हणाला होता, "साहेबांपुडं ह्याचा शब्द काडायचा नाय." सखानंही कधी काढला नाही. मोठ्या माणसाची लाज धाकट्यानं झाकायची, असंच त्याच्या घरात चालत आलं होतं.

चार महिने, गावोगाव, हेच चाललं. लोक टाळ्या वाजवत, यंत्र विकत घेत. दांडा मात्र सखाबरोबर पुढच्या गावाला जाई.

मग परवा कर्जतच्या बाजारात त्याला पळसदरीचा नागू भेटला. गेल्या महिन्यात त्याच्या खळ्यात यंत्र उतरलं होतं. नागूच्या उजव्या हाताला धोतराचा फडका बांधलेला होता. फडका जिथं संपत होता, तिथून पुढं हात नव्हता.

"पाव्हनं आलंवतं," नागू म्हणाला. "म्हनलं, दावू त्येस्नी गंमत." मग तो हळूच हसला, स्वतःचंच काही चुकल्यासारखा. "मशिननं सायेबाला वळखलं रं. मला नाय वळखलं. माजा हात थंड आसंल."

दांड्याचं बाहेर पडलं तर नोकरी जाईल, हे सखाला दिसत होतं. घरी म्हातारी आई होती, तीही दिसत होती. पण लोधिवलीत यंत्र राहिलं तर इथंही कुणाच्या घरी पाहुणे येणारच होते.

"मोजा माझ्याबरोबर," साहेब म्हणाले. "सगळ्या गावानं मोजायचं."

सखानं दांड्यावरचा हात काढला. ताडपत्री बाजूला सारली आणि कडेकडेनं चालत तो माणसांच्या पहिल्या रांगेत, गौराबाईशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं सगळा हिशेब मनाशी करून ठेवला होता. साहेब आपल्याला समोर बघतील. मागं कुणी नाही, हे त्यांना कळेल. चेहरा उतरेल, हात मागं जाईल. एक शब्दही न बोलता अख्ख्या गावाला कळून चुकेल.

"एक!" गाव गरजलं.

साहेबांनी हात वर धरला. पाचही बोटं पसरली. नजर रांगेवरून फिरत आली आणि सखावर थांबली.

सखानं ती नजर चुकवली नाही.

साहेबांचा चेहरा उजळला.

"अरे सखा!" कर्णा तोंडाशी धरून ते लोकांना म्हणाले, "हा आमचा इंजिनवाला बरं का! चार महिने बिचारा मागंच बसून असतो. ह्यानं ही गंमत कधी पाहिलीच नाही. बघ, बाबा, आज तूही बघ."

त्या हसण्यात कुठं खोट नव्हती. लहान लेकराचं असतं तसं ते होतं. सखाला तेव्हा उमगलं. वाल्मिकनं शब्द काढू नको म्हटलं होतं, ते साहेबांची लाज झाकायला नव्हतंच. साहेबांना दांड्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"दोन!"

"सायेब, नाय!" सखा ओरडला आणि ताडपत्रीकडे धावला. वीस पावलं होती. वाटेत पेंढ्या होत्या, पोरं होती, मांडी घालून बसलेली माणसं होती. इंजिनाच्या धडधडीत त्याचा आवाज विरून गेला. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "बगा, इंजिनवालाच भ्याला!" त्यावर खळं पुन्हा हसलं. साहेबही हसले, आणि हसू ओसरेपर्यंत नेहमीसारखे थांबले.

सखा अजून ताडपत्रीच्या अलीकडेच होता, तेव्हा त्याच्या पाठीमागं सगळं लोधिवली एका सुरात म्हणालं, "तीन!"