बंद पंख्याची खोली

जळगावच्या त्या लॉजवर सगळ्या खोल्यांमधले पंखे गरगरत होते, एक चुडामणनानांच्या खोलीतला सोडून. शिंदखेड्याहून एस.टी.नं आलेलं वऱ्हाड घामानं निथळत होतं. बाहेर वैशाखाचं ऊन, आत भट्टी. नानांनी बटण खाली केलं, वर केलं. पंखा काही हलेना. नळ उघडला तर नुसती घरघर. खाटेचा एक पाय विटेवर टेकवलेला.

"आते काय?" बायकोनं, प्रमिलाबाईनं, धास्तावून विचारलं.

"काही नही. चांगली खोली शे," नाना म्हणाले.

प्रमिलाबाई बघतच राहिली. नवरदेवाचा हा फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, अख्ख्या तालुक्यात रुसण्यासाठी नावाजलेला. जावयानं रुसायचं आणि मंडळींनी मनवायचं ही तर जुनीच रीत, पण नानांनी तिचा पार कळस केला होता. धुळ्याच्या लग्नात बट्टीवर तूप कमी पडलं म्हणून उपाशी उठले. चाळीसगावला धाकट्या साडूला आधी टॉवेल-टोपी दिली म्हणून ऐन मांडवात आडवे झाले, आणि मुहूर्त टळला तरी उठले नाहीत.

पण हे लग्न वाल्मीकचं होतं. नानांना मूलबाळ नाही. या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. निघताना पोरानं त्यांचा हात धरला होता. "फुवा, मना लगनमा रुसू नका. घोडावरथीन माले तुम्हीच उतारी ल्या." नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

म्हणून नाना सगळं गिळत होते. घाम गिळला, गादीचा कुबट वासही गिळला. मग चहा आला. बाकीच्यांना कपबशी, आणि नानांना कान तुटलेला कप. बशी नाहीच, वर चहा गार. नानांनी कपाकडे बराच वेळ पाहिलं. पोटातून काहीतरी जुनं, ओळखीचं वर आलं.

"मी येवाव नही," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

प्रमिलाबाई धावत आपल्या भावाकडे, नवरदेवाच्या बापाकडे गेली. परत आली ती एकटीच. "लोटनभाऊ म्हने, पडू द्या त्यासले." तिला वाल्मीकला ओवाळायचं होतं. तीही निघून गेली.

नाना वाट पाहू लागले. आता नारळ येणार, उपरणं येणार. जिना वाजला की ते डोळे मिटून कण्हत. पण पावलं दुसऱ्याच खोलीकडे वळत. मग खाली बँड वाजला, वऱ्हाड उतरलं आणि लॉज सामसूम झाला.

मंगल कार्यालय समोरच होतं. नानांनी खिडकीतून पाहिलं. घोडा दाराशी थांबला होता. वाल्मीकनं मान वळवून लॉजकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेवटी लोटननंच त्याला उतरवून घेतलं.

नाना खिडकीतून मागे झाले. एका कपाच्या कानासाठी आपण पोराला दिलेला शब्द मोडला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. गेला खड्ड्यात तो नारळ, म्हणत ते उठले आणि टोपी चढवली. कुणी मनवायला आलेलं नसताना ते जन्मात पहिल्यांदाच मांडवाकडे निघाले होते. एक वहाण सापडली, दुसरी खाटेखाली विटेमागे गेलेली. ती काढेपर्यंत समोरून "सावधान" ऐकू आलं, ताशा कडाडला आणि फटाके फुटले. लग्न लागून गेलं.

नानांनी दार उघडलं. बाहेर लॉजचा मॅनेजर उभा होता. हातात वाफाळता चहा, बशीसकट.

"बसा नाना, दमला असाल," म्हणत त्यानं चहा आत ठेवला. मग व्हरांड्यातल्या विजेच्या बोर्डावरचं एक बटण दाबलं. खोलीतला पंखा गरगर फिरू लागला.

नाना हातातली वहाण तशीच धरून वर पाहत राहिले.

"पंखा चांगलाच आहे," मॅनेजर अदबीनं म्हणाला. "अक्षता पडेपर्यंत नानांना इथंच रुसू द्या, असं लोटनभाऊंनी कालच सांगून ठेवलं होतं."