डावीकडे बघणारी बाई

"काका, ही बाई निघालीय तरी कुठे?"

मॅडमनी पाईपकाकांच्या पुस्तकाची डमी भराभर चाळली. सोळा कोरी पानं मधोमध टाचून त्यावर पेन्सिलीने केलेली. मजकूर त्यांनी वाचलाच नाही. नुसती चित्रं बघत शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि मग हे विचारलं.

"छत्री परत द्यायला," काका म्हणाले. "कुणीतरी विसरून गेलेलं असतं. ती दारोदार विचारत जाते, तुमची का म्हणून."

"आणि हे काखेत तुटक रेषांचं काय आहे?"

"तीच छत्री. पलीकडच्या काखेत आहे ना. न दिसणारा भाग तुटक रेषेने दाखवायचा असतो."

सगळा वर्ग हसला. काकांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे आणि झडपांचे नकाशे काढले होते. पहिल्या दिवशी त्यांनी काढलेलं झाड बघून वर्गातल्याच एका जुळ्यांच्या आईने त्यांचं नाव पाईपकाका ठेवलं आणि ते चिकटलं.

"बरं झालं," जुळ्यांची आई आताही म्हणाली, "बाईच्या पोटातलं जेवण नाही दाखवलंत."

काकाही हसले. छापखान्याच्या माडीवरच्या या खोलीत दर शनिवारी दुपारी त्यांना हसायला मिळायचं. आज या चित्रपुस्तकांच्या वर्गाचा शेवटचा शनिवार होता.

"छत्रीचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी तोंडाचं बोलू. पान उलटतो ते उजव्या बाजूने. म्हणून उजवीकडे तोंड असलेलं माणूस पुढे निघालेलं वाटतं. डावीकडे बघणारं घरी परत येतंय असं वाटतं. मुलांना अक्षरं यायच्या आधी हे कळतं. तुमची बाई पहिल्या पानापासून परतच येतेय, काका. गोष्ट पुढे सरकणार कशी?"

काकांनी डमी हातात घेऊन स्वतः चाळली. खरंच होतं. एकाही पानावर ती निघालेली नव्हती.

"फार काही नाही," मॅडम म्हणाल्या. "ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या आणि कागद उलटा करा. दोन मिनिटांचं काम."

काकांनी उतरवून घेतलं. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. बाई उजवीकडे वळली. पण पिशवी उजव्या हातात आली आणि केसांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला.

"जमलं की," मॅडम मागून म्हणाल्या.

"ही ती नाही. ती डावखुरी होती."

गोष्ट बायकोची होती. मुलीची वेणी घालताना सांगायची. केसांत गुंता असेल त्या दिवशी छत्रीवाली बाई दहा घरं जास्त फिरायची. मुलगी हलली की पुढच्या दारात हमखास कुत्रा असायचा. आता त्या मुलीला मुलगी झाली होती, आठ महिन्यांची. आजी गेली त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मलेली. फोटो होते, पण फोटोत बायको नेहमी दंड धरून उभी केल्यासारखी दिसायची. ती हलायची कशी, चालायची कशी, हे त्या पोरीला या पुस्तकातूनच कळायचं होतं. तिथे दुसरीच कुणीतरी बाई चालणार नव्हती.

"मग नव्याने काढा ना," मॅडम म्हणाल्या. "एवढी छान चाल पकडलीय तुम्ही. तीच या बाजूने."

"ते येत नाही."

"का?"

काका खुर्चीवर बसले. पेन्सिलीला टोक असूनही करू लागले.

"ती यायची ते मला पाठ आहे," ते म्हणाले. "गॅलरीत बसायचो मी. कोपऱ्यावरून वळली की चालीवरूनच कळायचं, वाटेत कुणी गप्पांना भेटलं की कुणाशी वाजलं. दमली असली तर पिशवीचा खांदा उतरायचा. ते सगळं काढता येतं मला."

"आणि जाताना?"

"जाताना म्हणायची, येते हं. मी म्हणायचो, हं." त्यांनी टोकयंत्र बाजूला ठेवलं. "डोकं पेपरात. एकदाही वर केलं नाही."

खाली छापखान्याचं मशीन सुरू झालं. पेल्यातले ब्रश थरथरायला लागले.

मग जुळ्यांची आई उठली. तिने स्वतःची पिशवी डाव्या हातात घेतली. टेबलावरच्या कागदाची सुरळी करून उजव्या काखेत धरली आणि काकांच्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून उभी राहिली. दार काकांच्या उजव्या हाताला होतं.

"अशी का?"

"पिशवी जरा पुढे," काका म्हणाले. "मान एवढी वर नाही. ती खाली बघून चालायची. हां. आणि घाईत असायची, पण धावायची नाही."

"बापरे. आमच्या सासूबाईंनीसुद्धा एवढ्या सूचना केल्या नव्हत्या."

"आता चाल."

ती चालू लागली. काकांनी कोरा कागद ओढला. या बाजूने पिशवी अंगाआड गेली होती, छत्री पुढे आली होती. त्यांनी आधी पाय काढले, मग पाठ, मग मानेचा बाक. पट्टीला हात लावला नाही. डोळे वर, कागदावर, पुन्हा वर.

जुळ्यांची आई दाराशी पोचली. उंबरठ्यावर एक पाय ठेवून थांबली. मागे न वळताच तिने विचारलं, "परत येऊ का काका?"

काकांची पेन्सिल चालूच होती.

"नको," ते म्हणाले. "जा तू. मी बघतोय."