दोराचं टोक

भीतीदायक पुस्तक हातात घेतलं की शर्वरी आधी शेवटचं पान वाचायची. सगळे जगतात एवढं कळलं, की मग निवांत सुरुवात. सुट्टीत मालवणच्या वाळूवर बसूनही तिनं तेच केलं होतं. समोर वीस-पंचवीस मच्छीमार रापणीचं भलंमोठं जाळं किनाऱ्याकडे ओढत होते. तिचा हौशी नवरा, विनय, त्यांच्यात घुसला होता. फोटोसाठी तिनंच जाळ्याच्या दोराचं टोक त्याच्या कमरेला करकचून बांधलं होतं.

मध्येच जाळं अडलं. मग दोर उलटा, पाण्याकडे सरकू लागला. लाटांमधून एक काळी पाठ वर आली आणि वर येतच राहिली.

"सोडा रे, दोर सोडा," मच्छीमारांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, हळूच म्हणाला. सगळ्यांनी हात सोडले. विनय एकटाच पाण्याकडे फरफटत निघाला.

शर्वरी पुस्तक फेकून धावली. गाठ सुटेना. पुढे काय होणार, ते सांगणारं पान इथे नव्हतं.

तांडेलानं कोयत्यानं दोर तोडला. दोघं वाळूत कोसळली.

"गेलं वाटतं," विनय अंगावरची वाळू झटकत हसला.

शर्वरीनं मान वर केली. पाण्यात गेलेला तुटका दोर, कुणीही ओढत नसताना, वाळूकडे परत येत होता, आणि त्याच्यामागून ती काळी पाठ.