कशाने जायचं

"विमान नागपूरपर्यंतच, पुढे गोंदियाला टॅक्सी. रेल्वेने उद्याची दुपार होईल. बसमध्ये माझी कंबर टिकायची नाही." पुण्यात अण्णा सकाळपासून मोबाइल घेऊन बसले होते. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांच्या बहिणीने दोन दिवस डोळे उघडले नव्हते.

"एकदाचं ठरवा," बायको म्हणाली.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आता कशानेही या. तुम्ही आल्याशिवाय नेणार नाही." मग तो अडखळला. "येताना हिरवी साडी आणा. आईला माहेरचीच नेसवायची म्हणतात सगळे."

बायकोने कपाट उघडलं. गेल्या भाऊबीजेला बहिणीसाठी घेतलेली हिरवी साडी अजून दुकानाच्या पिशवीतच होती. तेव्हाही कशाने जायचं, हे अण्णांचं ठरलं नव्हतं.