लोखंड सोडून उड्या

"उद्यापासून मी वरच्या वर्गाला जाणार आहे," काचवाल्या बाई म्हणाल्या, तेव्हा कोच वजनाच्या बारला फडकं मारत होता. त्याचा हात थांबला.

वरचा वर्ग म्हणजे त्याच्याच मुलीचा. खाली बापाची जिम: लोखंड, डाग पडलेले आरसे आणि ज्याचं त्याचं वजन. वर लेकीचा हॉल: कानठळ्या बसवणारी गाणी आणि एकदम उड्या मारणारी तीस माणसं. चाळीस सेकंद जीव तोडून, वीस सेकंद दम खायचा, की पुन्हा तेच. कोच त्याला माकडउड्या म्हणायचा. त्यावरून घरात रोज जेवताना वाजायचं.

"बाबा, तुमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलतात तरी का?"

"उचलताना तोंड बंद ठेवायचं असतं," तो म्हणायचा.

बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, म्हणून सगळे त्यांना काचवाल्या बाई म्हणत. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा चाळिशी उलटलेली, अंगावर मूठभर मांस नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "मला तीन महिन्यांत सत्तर किलो उचलता यायला पाहिजे."

"कशासाठी?"

"उचलायला."

कोचला वाटलं, आठवड्यात गळेल. पण बाईंनी तीन महिन्यांचं काम अडीच महिन्यांत केलं. कोपऱ्यातली जागा धरली ती धरलीच. कुणाशी गप्पा नाहीत, आरशात बघणं नाही. बाकीची पोरं वजन उचलून धाडकन आपटायची. बाई ते इंच इंच खाली आणायच्या, जमिनीला कळूही न देता. वाळूची गोणी छातीशी कवटाळून अर्धी गिरकी घ्यायच्या. कोच कपाळाला हात लावायचा.

"अहो, स्पर्धेत असं केलंत तर बाद ठरवतील."

"मला कुठं जायचंय स्पर्धेला?"

पण कोचला न्यायचं होतं. तीस वर्षांत त्याच्या हाताखालून एकही पदक आलं नव्हतं, आणि इथं वयाच्या गटात सहज जिंकेल अशी बाई डोळ्यांसमोर होती. त्यानं अर्ज आणून ठेवला, सहीपुरता. बाई मान हलवून टाळायच्या. पाऊण तास झाला की अर्धवट राहिलेला सेटसुद्धा सोडून निघायच्या. "घरी जायला हवं," एवढंच.

आणि आता ह्या बाई वर, माकडउड्यांना.

कोच महिनाभर फुरंगटून बसला. लेकीनं दोनदा सांगितलं, "बाबा, एकदा येऊन बघा तरी, किती बदलल्यात त्या." तो गेला नाही. मग लेकीचा पाय मुरगळला आणि आठवडाभर वर्ग त्याच्या गळ्यात पडला.

पहिल्याच दिवशी त्याला बाई ओळखू येईनात. पुढच्या रांगेत, घामानं निथळत, शेजारणीला टाळी देत होत्या. दम लागलेला असताना बडबडत होत्या. चार वर्षांत कोचनं त्यांचे दात पाहिले नव्हते.

मागच्या रांगेत भिंतीला धरून एक उंच माणूस होता. सगळे खाली बसले की हा उभा, सगळे उठले की हा बसायला लागलेला. उडी म्हणजे टाचा जेमतेम उचलायच्या. मोजणी चुकायची, शेजारचे वैतागायचे. पण गडी खूश. चुकला की स्वतःच हसायचा.

तिसऱ्या दिवशी कोचच्या लक्षात आलं, की बाई आरशात बघतात. स्वतःकडे नाही, त्या माणसाकडे. तो अडखळला की यांची मोजणी चुकते. त्याची एखादी उडी साधली की यांचा चेहरा उजळतो. वर्ग सुटल्यावर दोघं खिडकीपाशी एकाच बाटलीतून पाणी पितात. आणि घरी जायची घाई? ती कुठल्या कुठे गेली होती.

कोचच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे लोखंड सुटलं ते यासाठी. पदकाचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं, पण जी बाई चार वर्षं घड्याळाच्या काट्यावर घरी पळत होती, तिच्या घरचं माणूस आता काय करत असेल, हा विचार त्याला सोडेना. तो स्वतः विधुर होता. बायको गेल्यावरही दाराशी तिची चाहूल लागते का म्हणून कान देणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं.

बाईंना विचारायची छाती होईना. शनिवारी वर्ग सुटल्यावर त्यानं त्या माणसालाच गाठलं. तो बाकावर बसून बूट काढत होता, एक पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेत. बाई पलीकडे चटया गुंडाळत होत्या.

"एक बोलू का?" कोच हळू आवाजात म्हणाला. "राग मानू नका. तुम्ही भले दिसता."

"बोला की."

"बाईंना मी चार वर्षं ओळखतो. सोन्यासारखं माणूस आहे. तुमची संगत त्यांना आवडते, ते दिसतंय. पण त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं. एवढं लक्षात असू द्या, म्हणजे झालं."

त्या माणसानं बूट खाली ठेवला. बाईंकडे पाहिलं, मग कोचकडे. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"बघायचो," तो म्हणाला. "चार वर्षं पलंगावर पडून दुसरं काय करणार? ही इथून घरी आली, की मला उचलून खुर्चीत ठेवायची."