संबंध असेल त्यांनी
मी नगरपालिकेत सभासद होते तेव्हाची गोष्ट. धाकट्या जावेने तिच्या वाटणीच्या अंगणात शिलाईचा कारखाना काढायला परवानगी मागितली होती. तिचं अंगण आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. ती भिंत घातली त्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, “आजपासून तुझा माझा संबंध संपला.” त्याला अकरा वर्षं झाली होती. तरी यंत्रांची खडखड सोसू, पण तिच्या बाजूने हात वर करू, असं मी घरून ठरवून गेले होते.

अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि नेहमीसारखं विचारलं, “या जागेशी कुणाचा संबंध? असेल त्यांनी बाहेर जावं.”

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आमचं भांडण सगळ्या गावाला पाठ होतं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेवटी बसवेना. उठून म्हटलं, “माझा आहे. ती माझी जाऊ आहे.”

बाहेर बाकावर ती निकालाची वाट बघत होती. मी शेजारी टेकले, तेवढ्यात कारकुनाने दारातूनच सांगितलं, “चारास चार. बरोबरी झाली, म्हणजे नामंजूर.”

मी म्हटलं, “तुलाच मत देणार होते गं. पण संबंध आहे म्हणून उठावं लागलं.”

ती बाकावरून उठली. मग म्हणाली, “अकरा वर्षं नव्हता ना? अजून दहा मिनिटं नसता तर चाललं असतं की, जाऊबाई.”