केमिस्टचा कबुलीजबाब

नवरा गेल्यावर महिन्याभराने बाई औषधांच्या दुकानात आल्या आणि केमिस्टला हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडून गोळी चुकीची आली. त्यानंच हे गेले. पण घाबरू नका, मी कुणाला बोलणार नाही."

केमिस्टच्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून तो बाईंच्या ताटाखालचं मांजर झाला. नळ गळला की पाना घेऊन हजर, सिलिंडर आला की खांद्यावर घेऊन तीन जिने वर. "हे असते तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?" असं म्हणत बाई डोळे पुसायच्या. त्याची बायको म्हणाली, "माझ्या आईसाठी कधी एवढं केलं नाहीत."

मन खात राहिलं, पँट दोन इंच सैल झाली. शेवटी वर्षभराने, एका सकाळी त्याने पोलीस चौकी गाठली आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं.

फौजदारांनी खुशीत जबाब लिहून घेतला. "बरं झालं आलात. ते गच्चीवरून पडले तेव्हा बाई शेजारीच होत्या, म्हणून आमचा संशय त्यांच्यावरच होता. त्या मात्र पहिल्यापासून सांगतायत, गोळीनं चक्कर आली. केमिस्ट सज्जन आहे, एक दिवस स्वतःहून येऊन कबूल करेल."

"गच्चीवरून?" केमिस्टने विचारलं.

फौजदारांनी मान डोलावली आणि सहीची जागा दाखवली.

कागदावर टेकवलेलं पेन केमिस्टने उचलून घेतलं.

"साहेब," तो म्हणाला, "मला एक कोरा कागद द्या."